‘यूझ’ला दुसरा शब्द शोधण्याआधी ‘वापरणे’ मराठीत सोडवा

मध्यंतरी एका महिला बचत गटाचा इंग्रजी अहवाल माझ्याकडे तपासायला आला. दुसऱ्या दिवशी तो छपाईला जायचा होता. काम फार चांगलं होतं. गोधड्या शिवणाऱ्या बायका, त्यांच्या हातचं कसब आणि त्यावर हळूहळू उभा राहिलेला व्यवसाय. चौथ्या पानावर एक वाक्य होतं: ‘वी एक्सप्लॉइटेड द स्किल्ड वूमेन ऑफ द व्हिलेज.’ लिहिणाऱ्या मुलीला म्हणायचं होतं की, गावातल्या बायकांच्या कौशल्याचा आम्ही उपयोग करून घेतला. इंग्रजी वाचणाऱ्याला मात्र त्याचा अर्थ लागला असता, ‘गावातल्या कुशल बायकांचं आम्ही शोषण केलं.’ आणि हा अहवाल देणगीदारांच्या हातात पडणार होता.

त्या मुलीने निष्काळजीपणा केला नव्हता. आधीच्या तीन वाक्यांत ‘यूझ’ येऊन गेलं होतं. एकच शब्द पुन्हा पुन्हा लिहू नये, असं तिला शाळेत शिकवलेलं. म्हणून तिने शब्दावर राइट क्लिक केलं, समानार्थी शब्दांची यादी उघडली आणि त्यातला वजनदार वाटणारा शब्द उचलला. या शब्दांचं एकमेकांशी नातं आहे, एवढंच ती यादी सांगते. कुठला शब्द कुठे चालतो, हे ती सांगत नाही. शिकणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं.

इंग्रजीत नव्याने लिहू लागलेल्यांना मी एकच गोष्ट कळकळीने सांगत असतो. ‘यूझ’चा पर्याय इंग्रजी यादीत शोधायच्या आधी मराठीत शोधा. आपण बोलताना सरसकट ‘वापरणे’ म्हणतो, पण मनातल्या मनात आपल्याला लावणे, बजावणे, योजणे, राबवणे, चालवणे, हाताळणे, संपवणे, जुंपणे यांतला फरक पक्का ठाऊक असतो. हा फरक आपल्याला कुणी शिकवलेला नाही, तो आपल्या कानात बसलेला आहे. इंग्रजी शब्द निवडताना त्याच कानाची मदत घ्यायची.

पायरी १: आधी ‘यूझ’ नीट म्हणा

ही पायरी छोटी आहे, पण मुलाखतीत तिचा उपयोग होतो. क्रियापद असेल तर उच्चार ‘यूझ’. मराठीत आपल्याकडे दोन ‘ज’ आहेत: ‘जय’मधला एक आणि ‘वीज’, ‘जरा’मधला दुसरा. ‘यूझ’चा शेवट या दुसऱ्या ‘ज’च्या जवळचा आहे, त्याहून जरा मऊ. ‘जय’मधला ‘ज’ तिथे आणू नका. नाम असेल तर मात्र शेवटी चक्क ‘स’ येतो. ‘इट्स नो यूस’ म्हणजे काही उपयोग नाही. म्हणूनच ‘यूसफुल’मध्ये ‘स’ आणि ‘यूझर’मध्ये ‘झ’. स्पेलिंग तेच राहतं, त्यामुळे डोळ्यांना हा फरक दिसत नाही.

आणखी एक गुंता इथेच सोडवून टाकू. ‘आय यूस्ड टू गो देअर’ म्हणजे मी तिथे जायचो. ‘आय ॲम यूस्ड टू इट’ म्हणजे मला त्याची सवय आहे. दोन्हींचा वापरण्याशी काही संबंध नाही आणि दोन्हींत उच्चार ‘यूस्ट टू’ असा एकत्र, ‘स’नेच होतो.

पायरी २: वाक्य मराठीत लिहा आणि ‘वापरणे’ खोडा

कागदावर मराठी वाक्य लिहा. त्यातलं ‘वापरणे’ खोडून तिथे दुसरं कुठलं क्रियापद सहज बसतं, ते बघा. बसलं, तर अर्धं काम झालं. नाहीच बसलं, तर ‘यूझ’ हाच बरोबर शब्द आहे, पुढे शोधायची गरज नाही. ‘मी जुनाच फोन वापरतो’ यातलं ‘वापरतो’ कशाने बदलणार? कशानेच नाही. मग ‘आय यूझ ॲन ओल्ड फोन’ लिहून मोकळं व्हा.

आता बदलणाऱ्यांकडे येऊ. माझ्या मते त्यांत सगळ्यात मोलाची जोडी ‘लावणे’ आणि ‘अप्लाय’ यांची आहे. मलम लावणे, रंग लावणे, ब्रेक लावणे, जोर लावणे, नियम लावणे, गणितात सूत्र लावणे. या प्रत्येक ठिकाणी इंग्रजीत ‘अप्लाय’ चालतं: ‘अप्लाय द ऑइंटमेंट’, ‘अप्लाय द ब्रेक्स’, ‘अप्लाय प्रेशर’, ‘अप्लाय द रूल’, ‘अप्लाय द फॉर्म्युला’. आपण ‘जरा डोकं लाव’ म्हणतो, त्यालासुद्धा ‘अप्लाय युअर माइंड’ आहे, फक्त ते थोडं औपचारिक; घरात ‘यूझ युअर हेड’ म्हणतील. हा जुळून आलेला योगायोग नाही. ‘अप्लाय’च्या मुळाशी असलेल्या लॅटिन क्रियापदाचा अर्थच एक गोष्ट दुसरीला जोडणे, चिकटवणे असा आहे. आपल्या ‘लावणे’तही तेच आहे: एक वस्तू दुसरीवर नेऊन टेकवायची.

म्हणून कसोटी अशी ठेवा. काहीतरी कशावर तरी लावलं जातंय का? जखमेवर मलम, प्रकरणाला नियम, गणिताला सूत्र असं ‘कशाला’ किंवा ‘कशावर’ विचारता आलं, तर ‘अप्लाय’ आणि पुढे ‘टू’. दिवा लावणे, दार लावणे, झाड लावणे इथे मात्र हे चालायचं नाही, कारण तिथे आपण काही वापरत नसतो. आणि ‘अप्लाय फॉर’ म्हणजे अर्ज करणे. ‘टू’ आणि ‘फॉर’मधल्या या फरकाकडे सुरुवातीपासून लक्ष द्या.

‘बजावणे’ची जोडीही अशीच नेमकी आहे. मतदानाचा हक्क आपण ‘वापरतो’ असं कुणी म्हणालं तर चुकत नाही, पण वर्तमानपत्र ‘मतदानाचा हक्क बजावला’ असंच छापतं. इंग्रजीतही तसंच: ‘एक्सरसाइज द राइट टू व्होट’. हक्क, अधिकार, विवेक यांच्यासोबत ‘एक्सरसाइज’ शोभतो. माहिती अधिकाराचा कायदा 2005चा. त्याबद्दल लिहिताना दोन्ही शब्द कामी येतात. नागरिक म्हणून तुम्ही ‘एक्सरसाइज’ करता तो तुमचा अधिकार, आणि माहितीसाठी अर्ज करता ते ‘अप्लाय फॉर इन्फर्मेशन’. ‘एक्सरसाइज कॉशन’ म्हणजे सावधगिरी बाळगा. व्यायामाचा अर्थ इथे मनातून काढून टाका.

पद्धत, युक्ती, डावपेच असं काही असेल तर मराठीत ‘योजणे’ किंवा ‘अवलंबणे’ येतं. तिथे ‘एम्प्लॉय’ चालतं: ‘दे एम्प्लॉइड अ न्यू मेथड’. पण हा शब्द जपून वापरा. ‘एम्प्लॉय’चा रोजचा अर्थ माणसाला कामावर ठेवणे असाच आहे आणि मूळही ‘गुंतवणे’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. पद्धतीबद्दल तो शोभतो. स्टेपलर, कात्री, मिक्सर यांच्याबद्दल नाही. ‘आय एम्प्लॉइड अ मिक्सर’ वाचणाऱ्याला विचित्रच वाटेल. एखादी पद्धत कायमची स्वीकारली असेल तर ‘अडॉप्ट’ अधिक बरोबर. आणि दुसरा इलाजच उरला नाही म्हणून मार्ग पत्करला असेल, तर ‘रिसॉर्ट टू’. या शब्दात नाइलाज आणि थोडी नापसंती असते. ‘वी रिसॉर्टेड टू हिंदी’ लिहिलंत, तर हिंदीत बोलणं तुम्हाला कमीपणाचं वाटलं, असा वास येतो. तसं म्हणायचं नसेल तर साधं ‘वी स्विच्ड टू हिंदी’ लिहा.

यंत्र चालवायचं असेल तर ‘ऑपरेट’. लेथ, क्रेन, जेसीबी यांच्यासाठी हाच शब्द. कारखान्यातल्या नोकरीचा अर्ज लिहिणाऱ्याने ‘आय यूझ सीएनसी मशीन’ऐवजी ‘आय ऑपरेट अ सीएनसी मशीन’ लिहिलं, की त्याला ते काम येतं हे पहिल्याच वाक्यात कळतं. नुसतं ‘वापरतो’ म्हटल्याने तेवढं कळत नाही. ‘हाताळणे’ला ‘हँडल’: रसायनं, काचसामान, रोख रक्कम, तक्रारी.

संपण्याकडे जाणारं ‘वापरणे’ असेल, म्हणजे वीज, पाणी, डिझेल, तर ‘कन्झ्यूम’. महावितरणच्या बिलावरचा ग्राहक क्रमांक इंग्रजीत ‘कन्झ्यूमर नंबर’ होतो, तो याच शब्दापासून. फ्रिज वीज ‘कन्झ्यूम’ करतो. माणूस गोळी मात्र ‘कन्झ्यूम’ करत नाही, ‘टेक’ करतो. आपल्याकडे ‘कन्झ्यूम टू टॅब्लेट्स’ बरंच ऐकू येतं, ते टाळा. आणि वस्तू पूर्ण संपलीच, तर ‘यूझ अप’. घरात गॅस संपला असेल तर त्याहूनही सहज वाक्य म्हणजे ‘वी हॅव रन आउट ऑफ गॅस’.

‘जुंपणे’ हा शब्द मला स्वतःला फार आवडतो. ‘हार्नेस’ म्हणजे मुळात घोड्याचा साज, आणि क्रियापद म्हणून साज चढवून त्याला कामाला जुंपणे. म्हणून तो मोकळ्या, अंगात ताकद असलेल्या गोष्टींना लागतो: वारा, ऊन, नदीचं पाणी, तरुणांचा उत्साह. कोयना प्रकल्पाची स्थापित क्षमता 1,960 मेगावॅट आहे. नदीचं पाणी अडवून, बोगद्यातून खाली नेऊन टर्बाइन फिरवायचं, यालाच ‘हार्नेस द रिव्हर’ म्हणतात. पाणी पिण्यासाठी घेतलं, तर ते ‘हार्नेस’ होत नाही. बैल दावणीला बांधलेला आहे की नांगराला जुंपलेला, एवढा हा फरक आहे आणि तो मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

पायरी ३: समोर वस्तू आहे की माणूस, ते बघा

बचत गटाच्या अहवालातली चूक इथे झाली होती. ‘एक्सप्लॉइट’ निर्जीव साधनांबद्दल आला तर तटस्थ असू शकतो: ‘एक्सप्लॉइट मिनरल रिसोर्सेस’ म्हणजे खनिजं काढून उपयोगात आणणे. कर्म म्हणून माणूस आला की अर्थ थेट शोषणावर जातो. ‘टेक ॲडव्हांटेज ऑफ’चंही तसंच. संधीचा, सवलतीचा ‘ॲडव्हांटेज’ घेतला तर फायदा. माणसाचा घेतला तर गैरफायदा. साधा ‘यूझ’सुद्धा याला अपवाद नाही. ‘ही यूझ्ड मी’ म्हणजे त्याने मला वापरून घेतलं. मराठीतही ‘वापरून घेणे’त तोच सल आहे, म्हणून हे लक्षात ठेवणं सोपं जातं.

मग त्या गोधडीवाल्या बायकांबद्दल काय लिहायचं? आम्ही ते वाक्य असं केलं: ‘वी ड्रू ऑन द स्किल्स ऑफ द विमेन ऑफ द व्हिलेज.’ ‘ड्रॉ ऑन’ म्हणजे एखाद्या साठ्यातून काढून घेणे, विहिरीतून पाणी शेंदावं तसं. अनुभव, ज्ञान, कौशल्य, बचत यांना हा शब्द फार छान बसतो. वाक्याचं कर्म आता बायका राहिल्या नव्हत्या, त्यांची कौशल्यं झाली होती. आणि वाचताना ‘वूमेन’ नका म्हणू, अनेकवचनाचा उच्चार ‘विमेन’ असतो.

पायरी ४: ‘युटिलाइझ’पाशी थांबा

सरकारी पत्रव्यवहार वाचत मोठ्या झालेल्या आपल्या सगळ्यांना ‘युटिलाइझ’ म्हणजे ‘यूझ’चा सुटाबुटातला भाऊ वाटतो. ‘आय युटिलाइझ माय मोबाइल’, ‘युटिलाइझ द बॅक गेट’. नव्वद टक्के ठिकाणी हा शब्द काढून ‘यूझ’ टाकला तर वाक्य सुधारतं. अमेरिकेत सरकारी कागद साध्या भाषेत असावेत म्हणून 2010मध्ये कायदाच झाला, आणि तिथल्या साध्या भाषेच्या मार्गदर्शिकेत ‘युटिलाइझ’ऐवजी ‘यूझ’ लिहा, असं स्पष्ट सांगितलेलं आहे.

पण त्याला हाकलूनही देऊ नका, त्याची स्वतःची जागा आहे. उपलब्ध असलेल्यापैकी किती कामी आलं, हा हिशेब असतो तिथे तो नेमका बसतो. अनुदानाचा पैसा ठरलेल्या कामावर खर्च झाला, हे सांगणारं उपयोगिता प्रमाणपत्र इंग्रजीत ‘युटिलायझेशन सर्टिफिकेट’ असतं. तिथे ‘यूस सर्टिफिकेट’ म्हणून चालणार नाही. कारखान्याची ‘कपॅसिटी युटिलायझेशन’, क्रेडिट कार्डाची ‘क्रेडिट युटिलायझेशन’, शरीर लोहाचं किती ‘युटिलायझेशन’ करू शकतं, सगळीकडे प्रश्न ‘मिळालेल्यातलं किती?’ असाच आहे. मराठीत अशा ठिकाणी आपण ‘विनियोग’ म्हणतो. ‘निधीचा विनियोग’ म्हणतो, ‘चमच्याचा विनियोग’ म्हणत नाही. ‘विनियोग’ बसत असेल तिथे ‘युटिलाइझ’ बसवा.

‘लेव्हरेज’ हा त्याचा हल्लीचा अवतार. ‘लिव्हर’ म्हणजे तरफ. थोडा जोर लावून मोठा धोंडा हलवणे, हा त्यातला जीव. असलेल्या एका गोष्टीच्या बळावर दुसरी मोठी गोष्ट मिळवली, तरच तो लिहा. अर्थव्यवहारात ‘लेव्हरेज’ म्हणजे कर्जाच्या पैशावर व्यवसाय वाढवणे, त्यामुळे बँकेत किंवा शेअर बाजारात काम करणाऱ्यांपुढे हा शब्द उगाच उच्चारू नका.

पायरी ५: ‘अवेल’ची सवय तपासा

‘अवेल द ऑफर’, ‘लीव्ह अवेल्ड’, ‘लोन अवेल्ड’ हे आपल्या देशात बँकेपासून साड्यांच्या दुकानापर्यंत सगळीकडे दिसतं आणि देशातल्या देशात कुणाचं अडत नाही. परदेशी विद्यापीठाला किंवा कंपनीला लिहायचं असेल तर मात्र ते खटकतं. तिथलं रूप ‘अवेल वनसेल्फ ऑफ’ असं आहे: ‘आय अवेल्ड मायसेल्फ ऑफ द ऑफर’. बोलायला फारच जड. त्यापेक्षा सवलत ‘यूझ’ करा, रजा ‘टेक’ करा, कर्जही ‘टेक’ करा, संधीचा ‘टेक ॲडव्हांटेज’ करा. यात काहीच उणं पडत नाही.

पायरी ६: जिथे इंग्रजीला ‘वापरणे’ नकोच असतं

आपण ‘चष्मा वापरतो’, इंग्रजी माणूस तो घालतो: ‘आय वेअर ग्लासेस’. हेल्मेट, साडी, कॉन्टॅक्ट लेन्स यांनाही ‘वेअर’च. रोजच्या लोकलला ‘टेक’. वेळ आणि पैसा यांना बहुतेकदा ‘स्पेंड’.

त्याहून मोठी सवय ‘वापरून’ची आहे. मराठीत ‘वापरून’ लिहिलं की इंग्रजीत आपसूक ‘बाय यूझिंग’ उतरतं, आणि एका परिच्छेदात ते चार-पाचदा येतं. इंग्रजीत हे काम बहुतेकदा ‘विथ’ एकटा करतो. ‘सुरी वापरून कापलं’ म्हणजे ‘कट इट विथ अ नाइफ’. ‘गूळ वापरून केलेले लाडू’ म्हणजे ‘लाडूज मेड विथ जॅगरी’. पुनरुक्ती टाळायला समानार्थी शब्द शोधत बसण्यापेक्षा हे ‘बाय यूझिंग’ आधी वेचून काढा. बऱ्याचदा तेवढ्यानेच पान स्वच्छ होतं.

‘यूसेज’बद्दलही थोडं. ‘द यूसेज ऑफ मोबाइल्स इज इन्क्रीझिंग’ असं आपण लिहितो, पण तिथे साधा ‘यूस’ पुरतो. ‘यूसेज’ ठेवा तो भाषेतल्या रूढ वापरासाठी, किंवा मोजमाप असेल तिथे: डेटा, पाणी, वीज.

पायरी ७: शब्द सापडला, आता त्याचे सोबती बघा

पीटर मार्क रॉजेट या डॉक्टरचा प्रसिद्ध समानार्थी कोश 1852 साली लंडनला निघाला. त्यात शब्द कल्पनेनुसार एकत्र मांडले होते. ज्याला भाषा येते त्याला विसरलेला शब्द आठवावा, अशी ती सोय. शिकणाऱ्याला ती पुरत नाही. त्यामुळे यादीतून शब्द उचलला की शिकणाऱ्यांसाठीचा शब्दकोश उघडा आणि अर्थ नको, खालची उदाहरणं वाचा. क्रियापदानंतर कोणती नामं येतात, ती वहीत टिपा. मग तुमचे तीन-चार शब्द अवतरणचिन्हांत टाकून इंटरनेटवर शोधा. चांगल्या वृत्तपत्रांत, विद्यापीठांच्या पानांवर ते जसेच्या तसे दिसले तर निर्धास्त लिहा. कुठेच दिसले नाहीत तर ‘यूझ’वर परत या.

आता हे सगळं एका परिच्छेदावर करून बघू. नोकरीच्या अर्जासाठी एका मुलाने मराठीत असं लिहून आणलं: ‘मी तीन वर्षं टॅली वापरतो. कंपनीचे नियम वापरून बिलं तपासतो. गोदामातला फोर्कलिफ्टही वापरतो. आधीच्या नोकरीतला अनुभव वापरून मी साठ्याची नवी पद्धत वापरायला सुरुवात केली.’ पाच वेळा ‘वापरणे’. आम्ही प्रत्येकाखाली पेन्सिलने दुसरं मराठी क्रियापद लिहिलं. टॅलीखाली काहीच बसेना, नियमांखाली ‘लावून’, फोर्कलिफ्टखाली ‘चालवतो’, अनुभवाखाली ‘च्या बळावर’, पद्धतीखाली ‘अवलंबली’. मग इंग्रजी त्याचं त्यानेच लिहिलं: ‘आय हॅव यूझ्ड टॅली फॉर थ्री इयर्स. आय अप्लाय द कंपनीज रूल्स व्हेन आय चेक बिल्स. आय ऑल्सो ऑपरेट द फोर्कलिफ्ट इन द वेअरहाउस. ड्रॉइंग ऑन माय प्रीव्हियस जॉब, आय अडॉप्टेड अ न्यू मेथड ऑफ कीपिंग स्टॉक.’ पाचांपैकी ‘यूझ’ एकदाच राहिला, टॅलीपाशी, आणि तिथून त्याला हलवायचं काही कारण नव्हतं.